परभाषिकांच्या दारी

परभाषिक वाचकापर्यंत कसे पोहोचावे, याचा वस्तुपाठ आपल्या छत्तीसगडात कै. माधवराव सप्रे यांनी घालून दिला आहे. मातृभाषा मराठी असूनही त्यांनी जानेवारी १९०० मध्ये पेंड्रा येथून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढले. द्रव्याभावी ते १९०२ च्या अखेरीस बंद पडले. तथापि १९०७ साली नागपुरास ‘हिंदी केसरी’ सुरू करून त्यांनी लोकमान्यांचे विचार हिंदी भाषकांपर्यंत नेले. पुढे ‘दासबोध’ व ‘गीतारहस्य’ हे ग्रंथही त्यांनी हिंदीत आणले.

आज आपला व्यापारी संकेतस्थळाद्वारे परदेशी ग्राहकाकडे जातो, तेव्हा त्याच्यापुढेही हाच प्रश्न उभा राहतो. तेथे निव्वळ भाषांतर पुरत नाही. ४/७ म्हणजे आपल्याकडे ४ जुलै, तर अमेरिकेत ७ एप्रिल. ‘दीड लाख’ ही संख्या तेथील ग्राहकास उमगत नाही. किंमत त्याच्या चलनात, मापे त्याच्या परिचयाची, आणि जकात, टपालखर्च व माल परत घेण्याच्या अटी आरंभीच स्पष्ट हव्यात. अन्यथा माल उत्तम असूनही विश्वास बसत नाही.

व्यवसायात पडलेल्या मंडळाच्या तरुण सभासदांनी सप्रे यांचे कार्य या दृष्टीनेही अभ्यासावे, अशी नम्र विनंती आहे.