वगातून पटकथेकडे

मराठी विनोदी पटकथेचा इतिहास सहसा आचार्य अत्रे यांच्या ‘ब्रह्मचारी’ (१९३८) या चित्रपटाच्या आसपास सुरू केला जातो, आणि साहित्यातून आलेल्या विनोदापुरते ते रास्तही आहे; परंतु मुळशी, भोर, मावळ अशा पुणे जिल्ह्याच्या पश्चिम पट्ट्यातील प्रेक्षकाला हसवले ते गावजत्रेतल्या तमाशाने, आणि त्या विनोदाला बहुधा लेखकच नसे. गण, गौळण, बतावणी हे आरंभीचे भाग झाल्यावर जो वग, म्हणजे कथानक असलेले नाट्य, उभा राही, त्याचा केवळ सांगाडा ठरलेला असे. संवाद मात्र सोंगाड्या, म्हणजे फडातील विनोदी नट, समोरची गर्दी जोखून जागच्या जागी रचीत असे.

हा तोंडी विनोद कागदावर आणणाऱ्यांत वसंत सबनीस यांचे स्थान मध्यवर्ती आहे. ‘विच्छा माझी पुरी करा’ (१९६५) या त्यांच्या लोकनाट्यात भोरजवळच्या इंगवलीचे मूळ असलेले दादा कोंडके हवालदाराच्या भूमिकेत ताज्या घडामोडींवरची वाक्ये घालीत, आणि संहितेची वीण ती सामावून घेण्याइतकी सैल होती. त्याच जोडीच्या ‘सोंगाड्या’ (१९७१) या चित्रपटात ही सोय संपली; एकदा चित्रित झालेले वाक्य रोज बदलता येत नसल्याने हजरजबाबीपणाचा आभासच लेखकाला आधी लिहून ठेवावा लागला.

आधी लिहून ठेवलेले वाक्य कसे हसवते, हे ‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८) या चित्रपटात दिसते; त्याचे कथाबीज ‘बीवी और मकान’ (१९६६) या हिंदी चित्रपटाचे, पण बोली अस्सल पुणेरी. औषधासाठी घरमालकाने दिलेले सत्तर रुपये, औषध पाठवणारा मित्रच मेल्यामुळे बुडाले, हे सांगताना भाडेकरू पैशांनाच ‘वारले’ हे माणसांसाठी राखलेले आदराचे क्रियापद लावतो; भाडेकरू झालेल्या अशोक सराफ यांच्या निर्विकार चेहऱ्याचा वाटा मोठा खरा, तरी हशा त्या एका क्रियापदात आहे.

२ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालेल्या मुंबई दूरदर्शनने प्रारंभी छापील विनोदाचाच आधार घेतला. बडोद्यात पाली शिकवणाऱ्या चिं. वि. जोशी यांच्या विनोदी कथांतला चिमणराव मालिकेतून घरोघरी पोहोचला. खाजगी वाहिन्यांवर मात्र लेखकाला आठवड्याच्या आठवड्याला नवे प्रहसन पुरवावे लागू लागले. २०१८ मध्ये मुळशीचे नाव पडद्यावर आले ते विनोदातून नव्हे, तर प्रवीण तरडे यांच्या ‘मुळशी पॅटर्न’मधून, जमीनविक्री आणि गुन्हेगारीच्या कथेसह; गावजत्रेची आठवण मात्र त्याच वर्षी सुरू झालेल्या दूरचित्रवाणीवरील ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’ या विनोदी कार्यक्रमाने नावात जपली, आणि या जत्रेत लेखकाचे नाव श्रेयनामावलीत होते.