तेल व वायू उद्योग : मंदीनंतरच्या तेजीतील रोजगार

खनिज तेल व नैसर्गिक वायू यांचे भाव कोसळले की या उद्योगातील नोकऱ्या झपाट्याने जातात आणि भाव सावरल्यावर त्यांतील काही परत येतात. परत येणाऱ्या रोजगाराची तीन लक्षणे सामान्यतः आढळतात : तो भावापेक्षा उशिरा येतो, आधी कंत्राटी स्वरूपात येतो आणि पूर्वीइतक्या संख्येने येत नाही. २०१४ नंतरच्या दशकात अमेरिकेतील टेक्सस व न्यू मेक्सिको या राज्यांत पसरलेल्या पर्मियन खोऱ्यात ही लक्षणे ठळकपणे दिसली. म्हणून प्रस्तुत नोंदीत ते मुख्य उदाहरण घेतले आहे.

पार्श्वभूमी : जून २०१४ मध्ये जागतिक भावाचा मापदंड असलेल्या ब्रेंट तेलाचा भाव पिंपामागे सुमारे ११५ डॉलर होता. अमेरिकेतील शेल खडकांतून निघणाऱ्या तेलाने बाजारात पुरवठा वाढवला होता. तरीही २७ नोव्हेंबर २०१४ च्या बैठकीत ओपेक या तेलनिर्यातदार देशांच्या संघटनेने उत्पादन न घटवण्याचे ठरवले. जानेवारी २०१६ मध्ये भाव ३० डॉलरच्या खाली गेला. अमेरिकेत २०१४ च्या शरद ऋतूत विहिरी खोदणाऱ्या १,९०० हून अधिक रिग चालू होत्या. मे २०१६ मध्ये त्या ४०४ उरल्या. जगभरात काही लाख कामगार व अभियंते बेकार झाले. २०१६ अखेर ओपेक व रशियासह इतर देशांनी उत्पादनकपातीचा करार केला आणि बाजार सावरू लागला. २०२० मध्ये करोनाच्या साथीने पुन्हा घसरण झाली. २० एप्रिल २०२० रोजी अमेरिकी तेलाचा वायदा शून्याखाली, उणे ३७ डॉलरपर्यंत गेला आणि ऑगस्टमध्ये रिगची संख्या २४४ झाली. रशियाने युक्रेनवर आक्रमण केल्यानंतर मार्च २०२२ मध्ये भाव पुन्हा १२० डॉलरच्या पुढे गेले.

नोकऱ्या उशिरा येण्याची कारणे : तेलक्षेत्राचा परवाना एका कंपनीकडे असतो, पण रिग दुसऱ्या कंपनीची, विहीर खोदताना वापरायचा विंधन चिखल व सिमेंट यांचे काम तिसरीचे, तर तेल मोकळे करण्यासाठी दाबाने खडक फोडण्याचे काम चौथीचे असते. मंदीत परवानाधारक कंपनी कंत्राटे थांबवते आणि कपात सर्वांत आधी सेवा कंपन्यांतील माणसांवर येते. भाव सुधारल्यावर हातात येणारा पैसा प्रथम कर्जफेडीकडे जातो. पुढील वर्षाचे अंदाजपत्रक मंजूर झाल्याशिवाय नवीन विहिरींची कामे निघत नाहीत. म्हणून भरतीचा अंदाज बांधताना तेलाच्या रोजच्या भावापेक्षा कंपन्यांनी जाहीर केलेला भांडवली खर्च आणि चालू रिगची संख्या अधिक उपयोगी पडते.

भरतीला एक क्रमही असतो. मंदीत खोदून ठेवलेल्या, पण उत्पादनास न जोडलेल्या विहिरी हजारोंनी साचतात. त्या पूर्ण करणे नवीन विहीर खोदण्यापेक्षा स्वस्त असल्याने खडक फोडणारी पथके, पंपचालक आणि त्या कामाला लागणारी वाळू व पाणी वाहणारे ट्रकचालक यांना प्रथम बोलावणे येते. त्यानंतर रिगवरील कामगार, मग यंत्रदुरुस्ती व जोडणी करणारे कारागीर यांचा क्रम लागतो. नव्या क्षेत्रांचा शोध घेणारे भूवैज्ञानिक व भूभौतिकी तज्ज्ञ यांची भरती सर्वांत शेवटी होते. समुद्रातील प्रकल्पांना निर्णयापासून उत्पादनापर्यंत अनेक वर्षे लागतात. त्यामुळे तेथील रोजगार जमिनीवरील रोजगाराच्या मागून सावरतो.

पर्मियन खोऱ्यातील अनुभव : २०१७–१८ मध्ये मिडलंड व ओडेसा या शहरांत माणसे मिळेनाशी झाली. मिडलंडमधील बेकारीचे प्रमाण सुमारे २ टक्क्यांवर आले. अवजड वाहनांचा परवाना असलेल्या चालकांना तेलक्षेत्रात एवढे वेतन मिळू लागले की शाळांच्या बस चालवायला चालक मिळणे कठीण झाले. घरभाडी वाढली आणि बाहेरून आलेले कामगार तात्पुरत्या वसाहतींत व फिरत्या घरांत राहू लागले. वाढलेल्या वेतनाचा मोठा हिस्सा राहण्याच्या खर्चात जात असे. २०२० मध्ये यांपैकी अनेकांची नोकरी पुन्हा गेली. पुढच्या तेजीत, मंदीत दुखावून बांधकाम, गोदामे व मालवाहतूक या कामांकडे वळलेले अनुभवी कामगार ती सोडून परत यायला तयार नव्हते. त्यामुळे एकाच वेळी बेकारी आणि अनुभवी माणसांची टंचाई अशी स्थिती निर्माण झाली.

कमी माणसांत अधिक उत्पादन : २०२२ अखेर अमेरिकेत सुमारे ७८० रिग चालू होत्या, म्हणजे २०१४ च्या निम्म्याहूनही कमी. तरीही २०२३ मध्ये त्या देशाने दिवसाला सरासरी १ कोटी २९ लक्ष पिंपे असे विक्रमी उत्पादन केले. २०१४ मध्ये ते ८८ लक्ष पिंपांच्या आसपास होते. एकाच जागेवरून अनेक विहिरी घेणे, पाय असल्याप्रमाणे स्वतः सरकणाऱ्या रिग आणि खडकात काही किलोमीटर आडवे जाणारे विंधन यांमुळे हे साधले.

हा बदल रिगच्या तळफलाटावर प्रत्यक्ष दिसतो. विंधन नळीचा एक तुकडा सुमारे ९ मीटर लांबीचा असतो. पूर्वी प्रत्येक जोडणीच्या वेळी दोन-तीन कामगार चिखलाने निसरड्या झालेल्या फलाटावर पाचरी बसवून नळी धरत, दोन्ही बाजूंनी वरून टांगलेल्या अवजड पकडी लावत आणि आटे आवळत. बोटे चिरडण्याचे अपघात याच कामात होत. आता अनेक रिगवर यांत्रिक हात पुढे येऊन तेच काम करतो आणि चालक काचेच्या खोलीतून कळदांड्याने त्याला चालवतो. बोटे वाचली हा मोठाच लाभ आहे; पण फलाटावरील जागाही कमी झाल्या. त्याऐवजी संवेदक, द्रवचलित यंत्रणा व माहितीचे विश्लेषण जाणणारी माणसे लागू लागली.

शिक्षणाचे चक्र : तेजी पाहून विद्यार्थी पेट्रोलियम अभियांत्रिकीकडे वळतात, पण पदवीला चार वर्षे लागतात. २०१२ मध्ये प्रवेश घेतलेला विद्यार्थी २०१६ मध्ये, म्हणजे ऐन मंदीत, बाहेर पडला. उलट मंदीत प्रवेश घटतात आणि पुढील तेजीत पदवीधर कमी पडतात. केवळ आजच्या भावावरून शाखा निवडणे म्हणूनच धोक्याचे ठरते. यांत्रिक, विद्युत, रासायनिक किंवा उपकरणशास्त्र ही मूळ शाखा घेऊन नंतर तेलक्षेत्रातील प्रशिक्षण घेणाऱ्यास मंदीत दुसरीकडे जाण्याची वाट मोकळी राहते.

भारत व महाराष्ट्र : मुंबईच्या पश्चिमेस सुमारे १६० किमी. अंतरावरील मुंबई हाय क्षेत्राचा शोध १९७४ मध्ये लागला व १९७६ मध्ये उत्पादन सुरू झाले. उरणचा प्रक्रिया प्रकल्प, न्हावा येथील पुरवठा तळ आणि जुहूचा हेलिकॉप्टर तळ हे या क्षेत्राचे किनाऱ्यावरील आधार आहेत. भारतात तेलशोध व उत्पादन मुख्यत्वे सार्वजनिक कंपन्यांकडे असल्याने कायम नोकऱ्यांना भावाचे हेलकावे फारसे बसत नाहीत. ते बसतात कंत्राटी कामगारांना आणि सेवा कंपन्यांतील तंत्रज्ञांना. सार्वजनिक कंपन्यांतील अभियंत्यांची निवड अनेकदा गेट या अभियांत्रिकीच्या राष्ट्रीय परीक्षेच्या गुणांवरून होत आली आहे. धनबाद, देहराडून, गांधीनगर, अमेठी जिल्ह्यातील जायस व पुणे येथे पेट्रोलियम अभियांत्रिकीच्या शिक्षणाची सोय आहे, तर गोव्यात बेतूल येथे सागरी सुरक्षेचे प्रशिक्षण देणारी संस्था आहे. माहुलचे तेलशुद्धीकरण कारखाने, दाभोळचे द्रवीभूत वायूचे केंद्र आणि मुंबई-पुण्यातील घरगुती वायुवितरण यांतील कामे कच्च्या तेलाच्या भावाशी इतकी बांधलेली नाहीत. ऊर्जावापरातील नैसर्गिक वायूचा वाटा २०३० पर्यंत १५ टक्क्यांवर नेण्याचे भारताचे उद्दिष्ट आहे. वायुवाहिन्या टाकणारे वेल्डर व फिटर यांना त्यातून काम मिळते.

आखाती देश : रत्नागिरी, रायगड व मुंबई परिसरातून आखातात जाणाऱ्या कामगारांची परंपरा जुनी आहे. फिटर, पाइप वेल्डर, परांची बांधणारे व उपकरण तंत्रज्ञ यांना तेथील कारखान्यांच्या शटडाउनमध्ये, म्हणजे देखभालीसाठी कारखाना बंद ठेवण्याच्या काळात, काही आठवड्यांची किंवा महिन्यांची कामे मिळतात. मंदीत पुढे ढकललेली देखभाल तेजीत करावीच लागते, त्यामुळे अशी कामे वाढतात. याच काळात खोट्या भरतीचे प्रकारही वाढतात. भरती एजंटकडे १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखालील नोंदणी असणे बंधनकारक असून ती ई-मायग्रेट या शासकीय संकेतस्थळावर तपासता येते. शेत किंवा दागिने गहाण टाकून एजंटला पैसे देण्यापूर्वी ही तपासणी करणे कुटुंबाच्या हिताचे असते.

सुरक्षा : घाईने भरती झालेल्या नवख्या कामगारांना अपघाताचा धोका अधिक असतो. समुद्रात जाणाऱ्यास बुडत्या हेलिकॉप्टरमधून सुटण्याचे प्रशिक्षण घ्यावे लागते : पट्टा बांधलेल्या उमेदवारासह कक्ष तलावात बुडवून उलटा केला जातो, कक्ष स्थिर होईपर्यंत श्वास रोखून थांबायचे, एका हाताने खिडकीची कड धरून ठेवायची, खिडकी ढकलून उघडायची आणि मगच पट्टा सोडायचा. मे २०२१ मधील तौक्ते चक्रीवादळात मुंबईजवळच्या समुद्रात पी-३०५ ही निवासी बार्ज बुडून ७० हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. बार्जवर प्रामुख्याने कंत्राटी कामगार होते. वेतनाइतकेच विमा, प्रशिक्षण आणि वादळापूर्वी परत आणण्याची व्यवस्था यांना करारात स्थान असले पाहिजे, हा त्या दुर्घटनेचा धडा होय.

भवितव्य : २०२० नंतर गुंतवणूकदार उत्पादनवाढीपेक्षा नफ्याच्या वाटपाचा आग्रह धरू लागले आहेत, त्यामुळे यापुढील तेजीतही भरती बेताचीच राहण्याची शक्यता आहे. मात्र जुन्या विहिरींची देखभाल, वापरात नसलेल्या विहिरी बंद करणे, भूऔष्णिक ऊर्जा, कार्बन डायऑक्साइड वायू जमिनीत साठवणे आणि सागरी पवनऊर्जा या क्षेत्रांना तेलक्षेत्रातील कौशल्ये लागतात. तेजीच्या वर्षांत मिळालेली प्रमाणपत्रे, शिल्लक टाकलेली रक्कम आणि दुसऱ्या उद्योगात चालणारे कौशल्य यांच्या बळावरच या क्षेत्रातील कामगार पुढची मंदी पेलू शकतो.