भाकरीचा हिशेब आणि देहाचा हिशेब

दुष्काळाचा इतिहास लिहिणारे बहुधा पावसाचे इंच, धान्याचे भाव आणि सरकारी हुकूम यांची नोंद करतात. ज्या देहावर हें सारें गुदरलें, त्याचा इतिहास मात्र अलिखितच राहतो. 2024 सालीं ज्याचें नांव अहिल्यानगर झालें, त्या आमच्या नगर जिल्ह्यापुरता तरी हा इतिहास आतां लिहितां येण्याजोगा आहे. त्याचीं साधनें दफ्तरखान्यांत जितकीं आहेत, तितकींच शरीरशास्त्राच्या प्रयोगशाळेंत आहेत.

1876 सालीं दख्खनवर पावसानें दगा दिला. खरीप करपला, रब्बीची आशा मावळली, आणि नगर, पुणें, सोलापूर या भागांतील कुणबी बायकामुलांसह दुष्काळी कामांवर गेले. दौंड-मनमाड हा लोहमार्ग याच कामांपैकीं होय; 1878 सालीं त्यावरून गाड्या सुरू झाल्या. त्याचा भराव भुकेल्या हातांनीं घातलेला आहे, हें आज नगर स्टेशनावर गाडीची वाट पाहणाऱ्या किती जणांस ठाऊक असेल?

या हातांना मोबदला किती द्यावा, हा वादाचा मुद्दा झाला. खर्चास आळा घालण्यासाठीं हिंदुस्थान सरकारनें पाठविलेल्या सर रिचर्ड टेम्पल यांनीं 1877 च्या आरंभीं कष्टकरी पुरुषास दिवसाला एक पौंड धान्य आणि एक आणा, असा दर ठरविला. अधिक दिल्यास लोक सरकारी मदतीवर विसंबून राहतील, अशी त्यांची विचारसरणी होती. मद्रासचे सॅनिटरी कमिशनर डॉ. कॉर्निश यांनीं हा शिधा अपुरा असल्याचें निक्षून सांगितलें. मुंबई इलाख्यांत हजारों मजुरांनीं कामें सोडलीं, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेनें त्यांची बाजू मांडली. मार्चमध्यें मद्रास सरकारनें शिधा सव्वा पौंडांवर नेला व त्यांत थोडी डाळ घातली.

या वादांत टेम्पलसाहेबांची चूक केवळ निष्ठुरपणाची नव्हती. ती शरीराविषयींच्या कल्पनेची होती. देह म्हणजे एक शेगडी, कोळसा कमी घातला तर जाळ थोडा मंदावेल, इतकेंच त्यांत गृहीत होतें. परंतु देह शेगडी नव्हे. तो कसलेला कारभारी आहे. त्याची कचेरी मेंदूच्या तळाशीं असलेल्या हायपोथॅलॅमस नांवाच्या लहानशा भागांत आहे, आणि तेथें शिलकेच्या वार्ता रक्तांतून पोहोंचतात. त्या पोहोंचविणाऱ्या दूतांस आपण हार्मोन किंवा संप्रेरकें म्हणतों. अंगांतील चरबी लेप्टिन स्रवते. त्याचा शोध न्यूयॉर्क येथें फ्रीडमन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं 1994 सालीं लाविला. रिकामें जठर घ्रेलिन पाठवितें. तें 1999 सालीं जपानमध्यें कोजिमा व कांगावा यांनीं ओळखलें. चरबी घटली कीं लेप्टिन उतरतें, आणि मेंदू कोठार रितें होत असल्याचें समजून खर्चाला कात्री लावतो. गलग्रंथीचा स्राव मंदावतो, नाडी सावकाश चालते, हातपाय गार पडतात, स्त्रियांचा ऋतु बंद होतो, आणि मनांत अन्नावांचून दुसरा विचार उरत नाहीं.

हें केवळ तर्काचें बोलणें नव्हे. 1944-45 मध्यें अमेरिकेंतील मिनेसोटा विद्यापीठांत अँसेल कीज यांनीं 36 निरोगी तरुण स्वयंसेवकांना चोवीस आठवडे अर्धपोटीं ठेविलें. त्यांचें वजन सुमारें चतुर्थांशानें घटलें, देहाचा विश्रांतींतील खर्च तर त्याहूनही अधिक उतरला. ते उदास, चिडखोर व निरुत्साही झाले. त्यांना दिवसाला मिळणारें अन्न सुमारें 1,600 कॅलरींचें होतें, आणि एक पौंड धान्यांतही साधारण तेवढ्याच कॅलरी असतात! चढ्या बाजारभावांत आण्याची भर ती किती पडणार? शिवाय मिनेसोटाचे तरुण खडी फोडीत नव्हते, पाटी वाहत नव्हते. दुष्काळी कामावर ज्याला आळस म्हणणें सोपें होतें, तो वस्तुतः जीव वांचविण्यासाठीं मेंदूनें काढलेला हुकूम होता.

पुढें काळ पालटला. 1926 सालीं भंडारदऱ्याचें धरण पुरें झालें, प्रवरेच्या कालव्यांवर ऊंस उभा राहिला, आणि विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकारानें लोणी येथें सहकारी साखर कारखाना निघून 1950-51 च्या हंगामांत गाळप सुरू झालें. भाकरीला महाग असलेला जिल्हा साखरेचा जिल्हा झाला. पण देहाचा जुना कारभारी इतक्या लवकर बदलत नाहीं. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनीं 1993 पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील माता व अर्भकें यांचा अभ्यास चालविला. तेथील अर्भकांचें वजन सरासरी पावणेतीन किलोंच्या आसपास, म्हणजे इंग्रज बाळांहून बरेंच कमी. स्नायू अपुरे, परंतु कातडीखालची चरबी मात्र त्या मानानें राखलेली! पोटांत असतांना ज्याची उपासमार झाली, त्यानें जणू आधींच काटकसर शिकून घ्यावी, आणि पुढें सुबत्ता आली कीं तीच काटकसर मधुमेहाच्या रूपानें त्याच्या मुळावर यावी, असा हा प्रकार आहे.

म्हणून माणसाला जगण्यापुरतें किती पुरेल, हा प्रश्न पुन्हां कोणी कागदावर मांडील, तेव्हां त्यानें हें ध्यानीं ठेवावें कीं, तिजोरीचा हिशेब वर्षअखेर मिटतो. गर्भवतीच्या ताटांतून काढून घेतलेल्या अर्ध्या भाकरीचा हिशेब मात्र तिच्या लेकराच्या देहांत पन्नास वर्षें चालू राहतो.