१९९६ : एक पोर्ट आणि एक जातं

शनिवारचा चहा घेऊन बसा, आज वायरींचा इतिहास आहे. (पळू नका, ओव्या पण आहेत.)

जानेवारी १९९६. यूएसबीचं पहिलं स्पेसिफिकेशन, १.०, जाहीर झालं. इंटेलमध्ये त्यावर काम करणाऱ्यांत अजय भट्ट होते, बडोद्याच्या एम. एस. युनिव्हर्सिटीत शिकलेले. कल्पना साधी. कीबोर्ड, माउस, प्रिंटर... प्रत्येकाला वेगळं भोक कशाला? एकच पुरे.

एप्रिल १९९६. परभणी जिल्ह्यातलं ताडकळस. गंगूबाई अंबोरे जात्यावरच्या ओव्या गातायत आणि टेप फिरतेय. त्याच महिन्यात बीड जिल्ह्यात माजलगावला राधाबाई बोऱ्हाडे यांच्या बाबासाहेबांवरच्या ओव्या रेकॉर्ड झाल्या. म्हणजे आपल्याच मराठवाड्यात, औरंगाबादहून (२०२३ पासून छत्रपती संभाजीनगर, पण जीभ अजून घसरते) सकाळी निघून संध्याकाळी परत येता येईल अशा अंतरावर.

या दोन गोष्टींची गाठ पुढे पडायची होती. हेमा राईरकर आणि गी पॉइट्वाँ या पुण्याच्या जोडीने १९८०च्या दशकापासून ओव्या लिहून घ्यायला सुरुवात केली. गावोगाव पिठाची गिरणी आली होती, पहाटेचं जातं बंद पडत होतं, आणि जातं नाही तर ओवी गायची कधी? हजाराहून जास्त गावांतून लाखावर ओव्या जमल्या. मग बर्नार्ड बेल आले. हा मूळचा कॉम्प्युटर इंजिनिअर, तबल्याच्या बोलांसाठी सॉफ्टवेअर लिहिलेला माणूस. (आपल्यापैकी किती जण वीकएंडला असलं काही करतात?) त्यांनी ओव्यांचा डेटाबेस बांधला आणि १२० तासांच्या वर रेकॉर्डिंग झालं.

आता आपल्या धंद्यातला हिशोब. सीडीच्या दर्जाचा स्टिरिओ आवाज म्हणजे सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येकी १६ बिट, दोन चॅनल. तासाला साधारण ६३५ एमबी. १२० तासांचे ७६ जीबी! १९९६ मध्ये घरच्या कॉम्प्युटरची हार्डडिस्क एक-दोन जीबीची असायची. तेव्हा टेपला पर्यायच नव्हता.

एक्स्टर्नल डिस्क आली, पण यूएसबी १.१ वरून सेकंदाला जेमतेम एक एमबी जायचा. हे ७६ जीबी एका डिस्कवरून दुसरीकडे न्यायला एकवीस तास. २००० साली यूएसबी २.० आलं आणि तेच काम पाऊण तासावर आलं. पण हा वेग फाइल झाल्यानंतरचा. टेपवरचा आवाज कॉम्प्युटरमध्ये घ्यायला टेप वाजेल तेवढाच वेळ लागतो, तेव्हाही आणि आजही. १२० तास म्हणजे रोज आठ तास धरले तर पंधरा दिवस, आणि कोणीतरी कान देऊन बसायला हवं. केबल कितीही फास्ट आणा.

आणखी एक भानगड आहे, घरी रेकॉर्डिंग करणाऱ्या बहुतेकांना ती कधी ना कधी चावते. एकाच यूएसबीवरून आवाज आणि फाइल वेगवेगळ्या नियमांनी जातात. फाइल म्हणजे ट्रान्सपोर्टचा ट्रक : उशीर चालेल, पण माल पूर्ण पोचला पाहिजे, एखादा डाग राहिला तर परत पाठवतात. आवाज म्हणजे एस.टी. : वेळ झाली की सुटणार, राहिला तो राहिला. (एस.टी. वेळेवर सुटते असं घटकाभर धरून चाला.) यूएसबी १.१ वर ही गाडी दर मिलिसेकंदाला सुटते. सेकंदाला ४४,१०० नमुने म्हणजे मिलिसेकंदाला ४४.१, म्हणून नऊ गाड्यांत ४४ आणि दहावीत ४५ प्रवासी. इंटरफेस आणि डिस्क एकाच स्वस्त हबवर लावले की ट्रक रस्ता अडवतो, एखादी एस.टी. चुकते आणि रेकॉर्डिंगमध्ये 'टक्' असा आवाज येतो. तो टक् मग कायमचा.

म्हणूनच स्टुडिओवाले फायरवायरच्या प्रेमात होते. १९९५ चं स्टँडर्ड, ४०० मेगाबिट, डिस्क आणि इंटरफेस एकाच माळेत ओवता यायचे. २००१ मध्ये मोटू ८२८ हा फायरवायर इंटरफेस आला आणि घरच्या घरी आठ चॅनल शक्य झाले. २०२५ च्या मॅकओएस टाहोमध्ये ॲपलने फायरवायरचा सपोर्टच काढून टाकला. त्या काळच्या फायरवायर डिस्कवर कोणाचं काही राहिलं असेल तर जुना मॅक भंगारात देण्याआधी उतरवून घ्या.

ताडकळसच्या ओव्या मात्र वाचल्या. २०१७ पासून 'पारी'वर त्या ऐकता येतात, गाणाऱ्या बाईच्या आणि गावाच्या नावासकट.

तुमच्या लॉफ्टवर आजीच्या आवाजाची कॅसेट असेल तर : टेपरेकॉर्डरच्या हेडफोनच्या भोकातून वायर इंटरफेसच्या लाइन इनपुटला (माइकच्या नाही, आवाज फाटेल), इंटरफेस थेट लॅपटॉपला, डिस्क दुसऱ्या पोर्टला. हबवर फक्त माउस. आणि फाइलला 'ट्रॅक ०१' नाव देऊ नका. आजीचं नाव, माहेरचं गाव आणि साल टाका. माहेरचं गाव आठवत नसेल तर आज रविवार यायच्या आत आत्याला फोन करा, तिला माहीत असतं.