लाल गोळी आणि जड झालेलं पोट

सहाव्या महिन्यात असलेल्या माझ्या वहिनीच्या उशीखाली मला लोहाच्या लाल गोळ्यांच्या दोन स्ट्रिप सापडल्या. एकही गोळी फोडलेली नव्हती. विचारलं तर आधी गप्प बसली, मग हळूच म्हणाली, "ती खाल्ली की तीन-तीन दिवस पोट साफ होत नाही गं. हे आशाताईंना कसं सांगायचं?"

मी विज्ञानाची विद्यार्थिनी, पण ही अडचण मला तोवर किरकोळच वाटायची. वाचायला घेतलं तेव्हा कळलं, की ती गोळीइतकीच जुनी आहे.

1832 मध्ये पिएर ब्लो या फ्रेंच डॉक्टरने पंडुरोगावर लोहाच्या गोळ्या दिल्या. गुण आला, पण पोटं अडू लागली. पुढे ब्रिटिश औषधसंहितेत लोह आणि काळा बोळ, म्हणजे कोरफडीचा वाळवलेला रस, एकत्र केलेली गोळीच होती. एकाने बांधायचं, दुसऱ्याने सोडवायचं! (गरोदरपणात काळा बोळ घेऊ नये, हेही सांगून ठेवते.)

आपल्या गोळीतला दुसरा घटक, फॉलिक ॲसिड, याची गोष्ट महाराष्ट्रातच सुरू होते. 1928 मध्ये ल्यूसी विल्स ही इंग्रज डॉक्टर मुंबईत आली. कापड गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर बायकांचा ॲनिमिया तिने अभ्यासला आणि यीस्टच्या अर्काने तो बरा होतो हे 1931 मध्ये मांडलं. त्या अर्कातला घटक म्हणजे फोलेट, हे नंतर उलगडलं. सोलापूरही गिरण्यांचंच गाव, त्यामुळे त्या बायका मला परक्या वाटत नाहीत.

भारत सरकारचा लोहगोळ्यांचा कार्यक्रम 1970 मध्ये सुरू झाला. गोळीत 60 मिलिग्रॅम लोह होतं. 1990 च्या दशकात ते 100 झालं. 2018 मध्ये ॲनिमियामुक्त भारत मोहिमेत पुन्हा 60 वर आलं, पण आता 180 दिवस, रोज.

आता पोटात काय होतं ते बघू. गरोदरपणात प्रोजेस्टेरॉन वाढतं आणि आतड्याचे स्नायू सैल पडतात. अन्न हळू सरकतं, मोठं आतडं त्यातलं पाणी जास्त शोषतं, मळ कडक होतो. त्यात गोळीतलं बरंचसं लोह शोषलं न जाता आतड्यातच राहतं आणि त्रास वाढवतं. शौचाचा रंग काळपट होतो तोही त्यामुळेच, त्याला घाबरायचं कारण नाही.

2017 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांनी दाखवलं, की एक दिवसाआड घेतलेलं लोह जास्त प्रमाणात शोषलं जातं. कारण एका गोळीनंतर हेप्सिडिन हे संप्रेरक वाढून पुढच्या गोळीची वाट अडवतं. पण त्या बायका गरोदर नव्हत्या. म्हणून हे वाचून आपल्या मनाने गोळी कमी करू नका, डॉक्टरांना विचारा.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (2019-21) देशातल्या 52.2 टक्के गरोदर स्त्रिया ॲनिमियाग्रस्त आहेत. 180 दिवस गोळ्या घेतलेल्या माता मात्र फक्त 26 टक्के. सगळ्यांचं कारण बद्धकोष्ठता नाही. गोळ्या मिळत नाहीत, विसर पडतो, मळमळ होते. पण लाजेपोटी न सांगितलेलं हे कारण कुठल्या रकान्यात भरणार? आणि बाळंतपणात रक्तस्राव झाला तर आधीच रक्त कमी असलेल्या बाईच्या जिवावर बेततं.

आपल्या सोलापुरात उपाय ताटातच आहे. 100 ग्रॅम ज्वारीत सुमारे 10 ग्रॅम तंतू असतात, पॉलिशच्या तांदळात 3 च्या आत. पण नुसती कडक भाकरी चावून भागत नाही, तंतूंना पाणी लागतं. आपल्या उन्हाळ्यात तर जास्तच. विडी वळायला दिवसभर बसणाऱ्या बाईने मधेमधे उठून चार पावलं चालावं. गोळी चहासोबत घेऊ नये, लोह कमी शोषलं जातं. इसबगोल डॉक्टरांना विचारून, भरपूर पाण्यासोबत. एरंडेल किंवा सोनामुखी परस्पर नको. रक्त पडलं किंवा पोटात जोराच्या कळा आल्या तर थेट दवाखाना.

वहिनीने शेवटी आशाताईंना सांगितलं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "बरं झालं बोललीस. बाकीच्या बोलतच नाहीत."

तुमच्या घरातल्या उशीखाली काय आहे, एकदा विचारून बघा.