न्यूनरक्तदाब, सिझेरियन शस्त्रक्रियेतील

मेरू-बधिरीकरण देऊन (पाठीत सुई देऊन शरीराचा खालचा भाग बधिर करून) सिझेरियन शस्त्रक्रिया करताना मातेचा रक्तदाब मूळ पातळीच्या बराच खाली जाणे, यास ही संज्ञा लावतात. आकुंचनकालीन दाब मूळ दाबाच्या ८० टक्क्यांहून कमी झाल्यास तो सामान्यतः महत्त्वाचा मानला जातो. प्रतिबंधक उपाय न केल्यास निम्म्याहून अधिक स्त्रियांत ही अवस्था उद्‌भवते. मळमळ, ओकारी व घेरी ही तिची प्रमुख लक्षणे होत. ती तीव्र असल्यास व टिकून राहिल्यास वारेकडील रक्तप्रवाह घटून गर्भास ऑक्सिजन अपुरा पडतो. तिच्या कारणांविषयीच्या कल्पना जसजशा बदलल्या तसतसे उपचारही बदलत गेले.

कारणमीमांसा : कमरेच्या मणक्यांमधून सुई घालून मस्तिष्क-मेरुद्रवात स्थानिक बधिरक औषध सोडतात. उदर उघडताना वेदना होऊ नयेत यासाठी बधिरता साधारणपणे स्तनाग्रांच्या पातळीपर्यंत पोहोचवावी लागते. या क्रियेत संवेदी तंत्रिकांबरोबरच रोहिण्यांचा ताण टिकवून धरणाऱ्या अनुकंपी तंत्रिकाही निष्क्रिय होतात. रक्तवाहिन्या शिथिल पडतात व दाब उतरतो. म्हणजेच दाब उतरणे हा आगंतुक अपघात नसून ज्या क्रियेने वेदना नाहीशी होते तिचाच तो दुसरा परिणाम होय. त्यात गर्भावस्थेची भर पडते. स्त्री उताणी निजली असता पूर्ण वाढलेले गर्भाशय अधोमहानीलेवर दाब देते व हृदयाकडे परतणारे रक्त अडते. दिवस भरलेल्या स्त्रीच्या गर्भाशयाकडे मिनिटाला सु. ६०० ते ७०० मिलि. रक्त वाहते. हा प्रवाह मातेच्या रक्तदाबावर अवलंबून असल्याने तिचा दाब उतरताच तोही घटतो.

इतिहास : आउगुस्ट बीर (१८६१–१९४९) या जर्मन शल्यचिकित्सकांनी १६ ऑगस्ट १८९८ रोजी कील येथे कोकेन वापरून शस्त्रक्रियेसाठी मेरू-बधिरीकरण केले. १९०० मध्ये स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे ओस्कार क्राइस यांनी प्रसूतिवेदनांसाठी त्याचा उपयोग केला. रीव्हा-रोत्ची यांचे दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजण्याचे साधन १८९६ मध्येच प्रसिद्ध झाले होते. परंतु शस्त्रक्रियागृहात ते नित्याचे होण्यास काळ लागला. तोवर नाडीची गती व चेहऱ्याचा फिकेपणा यांवरूनच अंदाज बांधावा लागे.

१९२७ मध्ये ऑकरब्लाड व डिलन यांनी मेरू-बधिरीकरणातील न्यूनरक्तदाबावर एफेड्रीन गुणकारी असल्याचे दाखविले. गर्भवतीच्या बाबतीत निर्णायक ठरलेली गोष्ट पुढे १९५३ मध्ये घडली. हॉवर्ड, गुडसन व मेंगर्ट यांनी उताण्या स्थितीतील न्यूनरक्तदाबाचे लक्षणसमूह म्हणून वर्णन केले. त्यामुळे गर्भाशय डावीकडे सरकविण्याचा साधा उपाय प्रचारात आला. दरम्यान १९४६ मध्ये मेंडेल्सन यांनी पूर्ण शुद्धिहरणाखालील प्रसूतीत जठरातील आम्ल पदार्थ फुप्फुसांत गेल्याने होणाऱ्या विकाराकडे लक्ष वेधले होते. या धोक्यामुळे, तसेच श्वासनलिकेत नळी घालण्यातील अडचणींमुळे, पुढील दशकांत प्रसूतिशस्त्रक्रियेत मेरू-बधिरीकरणास पसंती मिळत गेली. पर्यायाने न्यूनरक्तदाबाचा प्रश्नही अधिक महत्त्वाचा झाला.

उपचारांतील स्थित्यंतरे : १९६८ मध्ये वॉलमन व मार्क्स यांनी बधिरीकरणापूर्वी शिरेतून भरपूर द्रव देण्याची पद्धत पुढे आणली. १९९३ मध्ये रूट व त्यांच्या सहकाऱ्यांनी तिचा लाभ अल्प असल्याचे दाखविले. आता औषध मेरुद्रवात सोडतेवेळीच द्रव देणे अधिक सोयीचे मानतात. १९७४ मध्ये रॉल्स्टन, श्नायडर व द लॉरिमिएर यांनी गाभण मेंढ्यांवर केलेल्या प्रयोगांमुळे, गर्भाशयाचा रक्तप्रवाह राखणारे औषध म्हणून एफेड्रीन सर्वमान्य झाले. पुढे हाँगकाँगमधील वॉरविक न्गान की व इतरांच्या अभ्यासांवरून एफेड्रीन वारेतून गर्भात जाऊन त्याचा चयापचय वाढविते व रक्तातील अम्लता वाढविते, असे दिसून आले. त्याजागी फेनिलएफ्रीन आले. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय सहमतिपत्रात त्याचा प्रतिबंधक उपयोग सुचविण्यात आला असून आकुंचनकालीन दाब मूळ पातळीच्या ९० टक्के वा त्याहून अधिक राखावा, असे म्हटले आहे. मात्र फेनिलएफ्रीनने नाडी मंदावते. म्हणून नॉरएपिनेफ्रीनचाही अभ्यास चालू आहे. कूस किती कलवावी हेही निर्विवाद राहिलेले नाही. २०१५ मधील एका जपानी चुंबकीय प्रतिमा-अभ्यासात १५ अंशांच्या कलाने अधोमहानीला मोकळी होत नसल्याचे आढळले.

महाराष्ट्रातील स्थिती : भारतात मेफेंटरमीन हे रक्तदाब वाढविणारे औषध दीर्घकाळ प्रचारात राहिले. फेनिलएफ्रीनचा प्रसार येथे त्यामानाने उशिरा झाला. नाशिक येथे १९९८ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी राज्यातील वैद्यकीय महाविद्यालये संलग्न आहेत. बधिरीकरणशास्त्राच्या पदव्युत्तर प्रबंधांत या औषधांची तुलना हा परिचित विषय आहे. विद्यापीठाच्या या शहरापासून सह्याद्रीतील सुरगाणा व पेठ हे आदिवासीबहुल तालुके फार दूर नाहीत. परंतु बधिरीकरणतज्ज्ञ मुख्यत्वे मोठ्या शहरांत एकवटलेले आहेत. अडलेली बाई घाटरस्त्याने मोठ्या रुग्णालयात आणावी लागते. दीर्घ प्रसूतिवेदनांनी ती थकलेली, शरीरातील पाणी कमी झालेली वा पंडुरोगी असेल, तर रक्तदाब लवकर व अधिक उतरतो. रक्तस्रावाने दाब आधीच खालावला असल्यास मेरू-बधिरीकरण टाळावे लागते. तज्ज्ञांची ही उणीव भरून काढण्यासाठी केंद्र शासनाने एम.बी.बी.एस. पदवीधरांकरिता जीवरक्षक बधिरीकरण कौशल्यांचा १८ आठवड्यांचा अभ्यासक्रम सुरू केला.

औषधे बदलली, तरी दोन गोष्टींचे महत्त्व टिकून आहे : गर्भाशयाचा भार नीलेवरून दूर करणे आणि बाळ बाहेर येईपर्यंत दर एक-दोन मिनिटांनी रक्तदाब पाहणे. यांपैकी पहिलीस हाताचा आधार व दुसरीस साधा दाबमापक पुरतो. परंतु दोन्हींसाठी प्रशिक्षित व्यक्ती रुग्णेच्या उशाशी सतत हजर असावी लागते.