मेनिंजायटिस किती जणांना होतो? जास्त धोका कोणाला?

मुलाला ताप आला, मान आखडली की घरात पहिला शब्द निघतो 'मेंदूज्वर'. पण या एका शब्दात दोन आजार मिसळतात. मेंदूलाच सूज आली तर तो एन्सेफलायटिस. नागपूर जिल्ह्यातल्या चांदीपुरा गावाच्या नावाने ओळखला जाणारा, १९६५ मध्ये सापडलेला विषाणू हा आजार करतो. मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीच्या आवरणाला सूज आली तर तो मेनिंजायटिस.

किती जणांना होतो?
२०१९ मध्ये जगभरात सुमारे २५ लाख जणांना मेनिंजायटिस झाला. २ लाख ३६ हजार जणांचा मृत्यू झाला, त्यात जवळपास निम्मी पाच वर्षांखालची मुलं होती. सेनेगल ते इथिओपिया या आफ्रिकी पट्ट्यात मोठ्या साथी येतात. भारतात त्या क्वचित येतात. २००५ मध्ये दिल्लीत अशी साथ आली होती.

सगळेच प्रकार गंभीर असतात का?
नाही. विषाणूमुळे झालेला बहुतेकदा बरा होतो. जिवाणूंमुळे झालेल्यात मात्र सहापैकी एक रुग्ण दगावतो आणि पाचपैकी एकाला बहिरेपणासारखा गंभीर त्रास मागे राहतो. भारतात टीबीचा मेनिंजायटिसही आढळतो. तो हळूहळू, काही आठवड्यांत वाढतो, त्यामुळे लक्षात यायला उशीर होतो.

जास्त धोका कोणाला?
• नवजात बाळं आणि पाच वर्षांखालची मुलं
• वसतिगृह, छावणी अशा दाटीत राहणारे
• हज यात्रेकरू (त्यांना मेनिंगोकोकल लस बंधनकारक आहे)
• एचआयव्हीबाधित, प्लीहा काढलेले, कॉक्लियर इम्प्लांट बसवलेले
• घरात टीबीचा रुग्ण असलेली लहान मुलं

कोणत्या लसी मोफत मिळतात?
जन्मानंतर बीसीजी, दीड महिन्यापासून पेंटाव्हॅलंट आणि पीसीव्ही. पीसीव्ही २०२१ पासून देशभर दिली जाते. मेनिंगोकोकल लस नियमित सरकारी लसीकरणात नाही.

दवाखान्यात कधी जायचं?
तापासोबत तीव्र डोकेदुखी, उलट्या, मान आखडणं, उजेड सहन न होणं, गुंगी किंवा झटके दिसले तर लगेच. तान्ह्या बाळाची मान आखडेलच असं नाही; दूध न पिणं, सतत रडणं, टाळू फुगणं याकडे लक्ष द्या.

'पाठीतलं पाणी काढलं तर माणूस लुळा होतो' या भीतीने अनेक घरं तपासणीला नकार देतात. सुई मज्जारज्जू संपतो त्याच्या खाली टोचतात. आजार नेमका कशामुळे झाला, हे त्याच पाण्यातून कळतं.